दीपावलीचे शास्त्र आणि लोकाचार : काणे यांच्या मांडणीचा विचार

डॉ. पांडुरंग वामन काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथाच्या पाचव्या खंडाचा पहिला भाग 1958 साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केला. व्रते व उत्सव यांचे विवेचन त्यात असून दीपावलीचा विचार करू इच्छिणाऱ्या अभ्यासकास आजही तेथूनच आरंभ करावा लागतो. दीपावली हा एक सण नसून धनपूजा, नरकासुरवध, लक्ष्मीपूजन, बलिप्रतिपदा आणि यमद्वितीया अशा भिन्न प्रकृतीच्या आचारांचा समुच्चय आहे, हे त्यांनी स्पष्टपणे दाखविले. हे श्रेय मोठे आहे. प्रश्न निराळाच आहे. या समुच्चयाची मांडणी तिथिक्रमाने व वचनाधाराने केली असता त्यातील काय हाती लागते आणि काय निसटते?

ग्रंथ धर्मशास्त्राचा असल्यामुळे वचनास अग्रस्थान मिळणे स्वाभाविक होते. परंतु पुढील लेखकांनी ही मर्यादा विसरून तीच मांडणी मोजपट्टी म्हणून वापरली. ज्या आचारास वचन सापडते तो ‘शास्त्रोक्त’, ज्यास सापडत नाही तो ‘गावठी’ किंवा ‘भ्रष्ट’, असा निवाडा त्यातून रूढ झाला.

हा निवाडा गगनबावड्यासारख्या ठिकाणी उभे राहून तपासावा. सह्याद्रीच्या माथ्यावरील हे गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकास आहे. करूळ व भुईबावडा हे दोन घाट येथून कोकणात उतरतात. अतिवृष्टीचा व भाताचा हा मुलूख असून आश्विन सरता सरता येथे कापणीचे दिवस असतात. घाटाखाली नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे कारीट पायाच्या अंगठ्याने फोडतात. घाटावर अनेक ठिकाणी अंगणात शेणाच्या गवळणी व पांडव मांडतात. खुद्द कोल्हापुरात पाडव्याला म्हशी सजवून मिरवितात. कारीट हा नरकासुर मानला जातो, म्हणून कथेचा धागा तेथे जुळतो. शेणाचे पांडव आणि सजविलेली म्हैस मात्र पाच कलमांच्या चौकटीत मुख्य स्थानी कोठेच बसत नाहीत. तथापि ज्या घरात दुभते आहे त्या घरी सणाचा गाभा तोच असतो.

येथे शास्त्रग्रंथच आपल्या मदतीस येतात. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस मार्गपाली बांधण्याचा विधी त्यांत सांगितला आहे. कुश-काशांचा दोर वृक्षास व स्तंभास बांधावयाचा आणि त्याखालून गुरे व माणसे न्यावयाची; त्यायोगे वर्षभर आरोग्य लाभते, अशी श्रद्धा. अमावास्येच्या रात्री स्त्रियांनी सूप व डिंडिम वाजवून अलक्ष्मीस घराबाहेर घालविण्याचा उल्लेखही आहे. हे विधी कोणा शास्त्रकाराने एकांतात कल्पिलेले दिसत नाहीत. ते गोठ्यातून व ओसरीवरून ग्रंथात शिरलेले आहेत. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ 1612 साली काशीत सिद्ध झाला. काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपुरास. वचनालाही देश व काल असतो. तेव्हा आज लक्ष्मीपूजनात मांडलेली नवी केरसुणी हा शास्त्राचा अपभ्रंश नव्हे. ग्रंथातील सूप आणि घरातील केरसुणी ही एकाच गृहिणीधर्माची दोन रूपे मानणे अधिक युक्त होय.

महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (1873) बळीच्या राज्याची इच्छा करणारे स्त्रियांचे बोल पुराव्यादाखल घेतले. त्यांनी त्यावर उभारलेला इतिहास वादग्रस्त ठरू शकेल. परंतु ओवाळणाऱ्या स्त्रीचे तोंडी वाक्यही पोथीतील वचनाइतकेच प्रमाण मानावयाचे, ही त्यांची दृष्टी मोलाची होती. पुराणकथेत बळी पाताळात जातो, लोकवाणीत त्याचे राज्य परत मागितले जाते. ही विसंगती केवळ तिथी व वचने जुळवून उलगडत नाही.

यावरून क्षेत्रकार्यासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांस एक सूचना करावीशी वाटते. पाच दिवसांची पाच कलमे लिहिलेला तक्ता घेऊन गेल्यास तेवढेच भरून परत येता येईल. त्याऐवजी प्रथम पीक कोणत्या अवस्थेत आहे, विधी कोणाच्या हातून होतो आणि त्यात कोणते जनावर व कोणती वस्तू लागते, हे टिपावे. वचनाचा शोध त्यानंतर घ्यावा. काणे यांचा ग्रंथ त्या वेळी अधिकच उपयोगी पडेल, कारण तेव्हा तो निवाडा देणारा न राहता साक्षीदार होईल.