ओवाळणे आणि 'लस्ट्रेट'

काशीच्या पंचगंगा घाटावर कार्तिकातील संध्याकाळी उंच बांबूंना बांधलेल्या करंड्यांतून आकाशदिवे वर चढताना दिसतात. पितरांच्या वाटेवर उजेड पडावा, ही त्यांमागील भावना. बिंदुमाधवाच्या या घाटावर अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जाणारा दगडी दीपस्तंभ आहे. कार्तिकी पौर्णिमेस तो असंख्य दिव्यांनी उजळतो. अशाच एका संध्याकाळी नोकरीनिमित्त येथे राहणारी काही मराठी कुटुंबे घाटावर जमली होती. परप्रांतीय स्नेह्यांसाठी एक इंग्रजी पत्रक काढले होते. त्यात भाऊबीजेचे वर्णन करताना 'ओवाळणे' या क्रियापदासाठी 'लस्ट्रेट' हा शब्द योजला होता. एका मुलीने घरी जाऊन कोश उघडला आणि आईला विचारले, "म्हणजे दादा अशुद्ध असतो का गं?"

हा प्रश्न पोरकट म्हणून सोडून देता येत नाही. आपल्यापैकी अनेकांची मुले मराठी शाळेत कधीच बसणार नाहीत. मराठी शब्दांचे अर्थ त्यांना इंग्रजी कोशावरूनच कळणार. तेव्हा प्रतिशब्द चुकला, तर शब्दाबरोबर आचारही त्यांच्या मनात चुकीच्या अर्थाने रुजतो.

भाषांतरकाराची बाजू प्रथम मांडणे न्याय्य होईल. 'लस्ट्रेट' हे क्रियापद सतराव्या शतकात लॅटिनवरून इंग्रजीत आले. आज ते क्वचितच आढळते. मूळ लॅटिन क्रियापदाला शुद्ध करणे, भोवती फिरणे, निरखणे आणि उजळणे अशा अर्थच्छटा आहेत. रोममध्ये शिरगणती संपली की जमलेल्या नागरिकांभोवती डुक्कर, मेंढा व बैल फिरवून त्यांचा बळी देत आणि प्रजा शुद्ध झाली असे मानीत. हा विधी पाच वर्षांनी होई. म्हणून त्याचे नावच पुढे पाच वर्षांच्या कालखंडास मिळाले. फेरा आहे, मांगल्य आहे, उजेडही आहे. 'ओवाळणे' याहून वेगळे काय, असे कोणासही वाटावे. मोनियर विल्यम्स यांच्या संस्कृत कोशातही 'नीराजन' या शब्दाचा अर्थ देताना याच धातूपासून झालेले नाम वापरलेले आहे. स्वारीपूर्वी आश्विनात किंवा कार्तिकात राजे जो शस्त्रांचा विधी करीत, त्यासाठी ते नाम समर्पकच आहे.

परंतु शस्त्रांना जे शोभले ते भावाला शोभत नाही. 'लस्ट्रेट'चे कर्म नेहमी मलिन, निदान शंकास्पद असते. १९९१ साली चेकोस्लोव्हाकियात जुन्या राजवटीच्या गुप्त पोलिसांशी संबंध असलेल्यांना सरकारी पदांपासून दूर ठेवणारा कायदा झाला. त्यासही याच कुळातील नाव मिळाले. आम्हां नोकरदारांनी हा अर्थ विशेष ध्यानात ठेवावा!

मराठी वाक्याची रचना पाहिली म्हणजे भेद अधिक स्पष्ट होतो. 'बहिणीने भावाला ओवाळले' असे आपण म्हणतो, तसेच 'देवाला आरती ओवाळली' असेही म्हणतो. दुसऱ्या वाक्यात ओवाळली जाते ती आरती. देव चतुर्थीत उभा आहे. म्हणजे जे अर्पण करावयाचे, ते कर्म होते. इंग्रजी क्रियापदात दिव्याला साधनापलीकडे स्थान नाही. म्हणूनच मराठीत 'जीव ओवाळून टाकणे' शक्य होते. हा प्रयोग 'लस्ट्रेट'मध्ये बसवून पाहावा. जीव शुद्ध होईल, पण कोणासाठी दिला गेला ते कळणारच नाही.

शुद्धीचा अर्थ आपल्याकडे अजिबात नाही, असे मात्र नव्हे. दारात आलेल्या नवरानवरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, तेव्हा पीडा त्या तुकड्याबरोबर दूर जावी हाच हेतू असतो. 'ओवाळून टाकलेला' ही शिवी याच आचारातून आली असावी. येथे 'लस्ट्रेट' काही अंशी चालेल. पण यातही ज्याच्यावरून ओवाळायचे तो प्रिय आहे, मलिन नव्हे. त्याच्यावर येऊ पाहणारे अरिष्ट बाहेरचे आहे.

देवापुढील ओवाळण्यात तर दिशाच उलटते. एकनाथांची दत्ताची आरती घरोघर म्हटली जाते. तीत ओवाळण्याने चिंता हरते ती ओवाळणाऱ्याची, आणि शेवटी निरोप मिळतो तो मी-तूपणाला. देव होता तसाच राहतो. बदलतो तो तबक हाती घेणारा. याच नाथांनी आपले भागवत १५७३ साली कार्तिकी पौर्णिमेस याच वाराणसीत पूर्ण केले. मराठीतही परमार्थ सांगता येतो, हे त्यांनी संस्कृतच्या या माहेरघरी सिद्ध केले. त्याच नगरीत आपण आपल्या क्रियापदाचा अर्थ परक्या कोशाच्या स्वाधीन करावा, हे आम्हांस रुचत नाही.

मग करावे काय? आमच्या मते, 'चेहऱ्यापुढे दिवा फिरवून त्याचे भले चिंतिणे' असे चार शब्द इंग्रजीत साधेपणाने लिहावेत आणि शेजारी 'ओवाळणे' जसेच्या तसे ठेवावे. 'आरती' हे नाम आता इंग्रजी कोशांत आढळते. क्रियापदालाही उंबरठा ओलांडण्यास हरकत नसावी. विवेचक भाषांतरकाराने अपरिचित शब्दाच्या भारदस्तपणास भुलू नये. शब्द दुर्मिळ आहे, एवढ्याने तो अचूक ठरत नाही.

त्या मुलीला द्यावयाचे उत्तरही आता सोपे आहे. दादा अशुद्ध नसतो, बाळ. तो आपल्याला हवा असतो, म्हणून त्याला ओवाळायचे.