‘ओळख न पटलेली वस्तू’ : काँडन अहवालाचे परीक्षण

आकाशात दिसणाऱ्या अनाकलनीय दृश्यांच्या शास्त्रीय अभ्यासाचा विचार कोलोरॅडो विद्यापीठाच्या अहवालाला वगळून करता येत नाही. अमेरिकी वायुदलाच्या अर्थसाहाय्याने पदार्थवैज्ञानिक एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखाली १९६६ ते १९६८ या काळात हे संशोधन झाले व १९६९ च्या जानेवारीत अहवाल प्रसिद्ध झाला. त्यावरील टीकेचा मोठा भाग संशोधकांच्या हेतूंविषयी आहे. हेतू बाजूला ठेवून अहवालाची भाषा तपासली, तर मूळ दोष अधिक स्पष्टपणे हाती लागतो.

या विषयात शब्दांनी प्रारंभापासूनच घोटाळा केला आहे. २४ जून १९४७ रोजी वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनिअरजवळ वैमानिक केनेथ आर्नल्ड यांना नऊ वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी जशी टप्पे घेत जाते तशी त्यांची गती होती, असे आपल्याला म्हणावयाचे होते, हे त्यांनी पुढे स्पष्ट केले. उपमा गतीची होती. ती आकाराला चिकटली. मराठीतील ‘उडती तबकडी’ हा शब्दप्रयोग त्याच विपर्यासाची संतती होय.

वायुदलाच्या ब्लू बुक प्रकल्पाचे प्रमुख कॅप्टन एडवर्ड रपेल्ट यांनी ‘ओळख न पटलेली उडती वस्तू’ या अर्थाच्या तटस्थ संज्ञेचा पुरस्कार केला. तिचे ‘अज्ञात वस्तू’ हे मराठी रूपांतर सदोष आहे. ‘अज्ञात’ हा वस्तूचा गुण भासतो. ‘ओळख न पटणे’ ही पाहणारा आणि पाहिलेले यांच्यातील संबंधाची नोंद आहे. १९६९ मध्ये बंद झालेल्या ब्लू बुक प्रकल्पाच्या १२,६१८ नोंदींपैकी ७०१ नोंदींचा उलगडा झाला नाही. हा आकडा उलगडा न झालेल्या वृत्तांतांचा आहे, आकाशातील वस्तूंचा नव्हे.

काँडन यांना हा भेद ठाऊक होता. साक्षीदाराला ज्याचे सर्वसामान्य नैसर्गिक मूळ ओळखता आले नाही व ज्यामुळे तो वृत्तांत देण्यास प्रवृत्त झाला, अशा उद्दीपकालाच त्यांनी ही संज्ञा लाविली. व्याख्या निर्दोष आहे. तथापि अहवालाला ती शेवटपर्यंत पाळता आली नाही.

२९ जून १९५४ रोजी लॅब्रॅडॉरवरून जाणाऱ्या ब्रिटिश प्रवासी विमानातून एक मोठी व सहा लहान आकृती दिसल्या. ही घटना जवळजवळ निश्चितपणे नैसर्गिक होती, परंतु इतकी दुर्मिळ की तिची नोंद पूर्वी वा नंतर कोठेही झालेली नसावी, असा अहवालाचा निर्णय आहे. ज्याचे दुसरे उदाहरण नाही, त्याचा वर्ग ‘जवळजवळ निश्चित’ कशाच्या आधारे ठरला? येथे ओळख पटलेली नाही. केवळ तिच्या जागी एक विशेषण बसविले आहे. उलटपक्षी, १९५६ मधील इंग्लंडमधील लेकनहीथ येथील रडार व दृष्टिसाक्ष्याच्या प्रकरणात एक तरी खरी ‘ओळख न पटलेली वस्तू’ असण्याचा संभव बराच आहे, असे हाच ग्रंथ म्हणतो. व्याख्येनुसार अशी वस्तू खरी वा खोटी असू शकत नाही. ‘खरी’ म्हणताच संज्ञा अपरिचित यानाचा अर्थ घेऊ लागते.

अहवालाची रचनाही या शैथिल्याला पोषक आहे. काँडन यांचे निष्कर्ष ग्रंथारंभी येतात, प्रकरणांची छाननी मागाहून येते. एकवीस वर्षांच्या अभ्यासाने विज्ञानात भर घातली नाही, म्हणून विस्तृत संशोधन बहुधा समर्थनीय ठरणार नाही, हा त्यांतील मुख्य निष्कर्ष होय. अमेरिकेच्या वैमानिकी व अंतराळशास्त्र संस्थेच्या उपसमितीने १९७० मध्ये या भाकिताला अहवालात आधार आढळत नसल्याचे म्हटले. मात्र न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की, सुस्पष्ट व मर्यादित प्रस्ताव आल्यास त्याला साहाय्य द्यावे, असे काँडन यांनीच लिहिले आहे. वाचकांनी निष्कर्ष लक्षात ठेवला आणि हा अपवाद विसरला.

२०२३ च्या सप्टेंबरात नासाच्या स्वतंत्र अभ्यासगटाने दिलेल्या अहवालात संज्ञा बदलली आहे. ‘वस्तू’ जाऊन ‘घटना’ आली. अंशशोधन केलेली उपकरणे व पुरेशी आनुषंगिक माहिती यांच्या अभावावर त्याचा भर आहे. ही सुधारणा स्वागतार्ह असली, तरी संज्ञा बदलल्याने विचार आपोआप बदलत नाही. ‘ओळख पटली नाही’ या वाक्यातून ‘परग्रहावरील आहे’ हे जसे निघत नाही, तसेच ‘नैसर्गिकच आहे’ हेही निघत नाही. त्यातून निघते ते एवढेच की निरीक्षण अपुरे आहे. काँडन अहवालाने ही मर्यादा व्याख्येत मान्य केली व निर्णयात ओलांडली. म्हणूनच तो ग्रंथ या विषयाच्या समारोपापेक्षा शास्त्रीय लेखनातील सावधगिरीचा पाठ म्हणून अधिक मोलाचा ठरतो.