ऐकलेला गटणे, वाचलेला गटणे

“पुस्तक वाचलंस की नुसतं ऐकलंस?” या प्रश्नातला ‘नुसतं’ मला खटकतो. घरी फाडफाड मराठी बोलणारे, पण देवनागरी अडखळत वाचणारे आपल्यात कितीतरी जण आहेत. त्यांना ऑडिओबुक ही पळवाट कशी म्हणायची? मराठी साहित्यात शिरायला बरेचदा तेवढाच एक दरवाजा उघडा असतो. पण म्हणून ऐकणं आणि वाचणं एकच, हेही मला पटत नाही.

पु. ल. देशपांड्यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’ घ्या. सखाराम गटणेची सगळी गंमत त्याच्या छापील बोलण्यात आहे. कागदावर मात्र सगळंच छापील! बोलीतलं मराठी आणि पुस्तकी मराठी यांतला फरक ज्याच्या कानाला सवयीचा नाही, त्याला गटणे म्हणजे एक सभ्य मुलगा वाटेल, बस. पुलंच्या स्वतःच्या आवाजात ऐकताना त्यांचं ऐसपैस बोलणं आणि गटणेचं इस्त्रीचं बोलणं शेजारी शेजारी येतं आणि विनोद समजावून सांगावा लागत नाही. अंतू बर्व्याचंही तेच. रत्नागिरीचा हेल लिपीत मावत नाही. मुळात आपली लिपी उच्चार पूर्ण सांगतच नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले च वेगळे, ‘चमचा’मध्ये तर दोन्ही आहेत, अक्षर एकच. परदेशात वाढलेल्यांना हा फरक कानानेच कळणार.

आता दुसरी बाजू. पुलंचा अंतू एकदा ऐकला, की नंतर पुस्तक उघडलं तरी तोच आवाज येतो. कुठे थांबायचं, कुठे हसायचं हे आधीच ठरलेलं असतं. अंतूच्या तिरकस बोलण्याखाली गरिबी आणि एकटेपणा आहे. ऐकताना पुढचा विनोद लगेच येतो. वाचताना त्या वाक्यापाशी हवं तितकं रेंगाळता येतं.

संशोधनही सरसकट एका बाजूने बोलत नाही. २०१६ मध्ये बेथ रोगाउस्की आणि सहकाऱ्यांनी ‘अनब्रोकन’ या पुस्तकातला भाग काहींना ऐकवला, काहींना वाचायला दिला, काहींना दोन्ही. आकलनात लक्षणीय फरक दिसला नाही. २०१० च्या डॅनियल आणि वुडी यांच्या प्रयोगात मात्र अभ्यासाचा मजकूर पॉडकास्टवर ऐकणारे विद्यार्थी तो वाचणाऱ्यांच्या मागे पडले. मला यातून एवढंच दिसतं, की गोष्ट आपल्याला पुढे ओढून नेते, पण अवघड मजकुरात मागे वळावं लागतं, आणि ते कागदावर सोपं जातं.

आपल्याकडे ऐकण्याला कमी लेखायचं काही कारणही नाही. कीर्तन सोडा, शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनातून गावोगावी कथा पोचवली. पण त्यांच्या श्रोत्यांच्या आजूबाजूला मराठी पाट्या, मराठी वर्तमानपत्रं होती. आपल्या आजूबाजूला ती नाहीत. आपण फक्त ऐकत राहिलो, तर जे कुणी ध्वनिमुद्रित केलंय तेवढंच आपलं साहित्य उरेल; आणि असंख्य मराठी पुस्तकं अजून कुणीच वाचून रेकॉर्ड केलेली नाहीत.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे: गटणे ऐका, पण पुस्तक समोर उघडं ठेवून. दहा मिनिटं ऐका, मग तीच दोन पानं आवाज बंद करून वाचा. अडखळाल, हरकत नाही. आवाज ओळखीचा झालाय, अक्षरंही होतील.