एक शिवार, दोन चुली

एकाच भूमीनें दिलेल्या वस्तूचें मोल दोन समाजांत किती भिन्न ठरतें, हें पाहण्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांतील तलवाडा हें त्वरिता देवीचें गांव घ्या, किंवा मराठवाड्यांतील दुसरें कोणतेंही घ्या. बैल जिवंत असेपर्यंत पोळ्यास त्याची पूजा होई. तो मेला कीं मालकाच्या लेखीं त्याचें मोल संपे, आणि पूर्वीं तेथूनच गांवकुसाबाहेरील चुलीवर तें सुरू होई. श्री. शाहू पाटोळे यांचें ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हें पुस्तक या दुसऱ्या चुलीचें आहे.

आमच्या घरांतून पाकशास्त्र म्हणजे कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ (१९७०). वाटी-चमच्याच्या मापानें तिनें कित्येक नववधूंची अडचण दूर केली. परंतु तिच्या फडताळांत दूध, तूप, साखर हीं गृहीतच असतात. पाटोळे महार व मांग समाजांचा जो स्वयंपाक वर्णितात, त्यांत तेलाचा थेंबही जपून वापरावा लागे. मेलेल्या जनावराचें मांस एकदम हातीं येई. म्हणून त्याच्या पट्ट्या उन्हांत वाळवून ‘चान्या’ करीत व त्या पुढें पुरवून खात. आमच्या सांडग्या-कुरडयांमागेंही हीच युक्ति आहे. मात्र त्यांस पाककलेंत मान मिळाला आणि चान्यांच्या वाट्यास तिरस्कार आला. गीतेच्या सतराव्या अध्यायांत आहाराचे सात्त्विक, राजस, तामस असे भेद सांगितले आहेत. व्यवहारांत ते खाणाऱ्याच्या जातीस चिकटले.

येथें एक आक्षेप संभवतो. डॉ. आंबेडकरांनीं १९२७ सालीं महाड येथें मृतमांस सोडण्याचा उपदेश केला. मग त्याच्या कृति लिहून कां ठेवाव्या? आमच्या मतें हा आक्षेप टिकत नाहीं. लादलेली अवहेलना झुगारणें निराळें, आणि त्या अवहेलनेंतही लेंकरांच्या तोंडीं घास घालणाऱ्या आयांचें कसब विसरणें निराळें. शीर्षकांतील उपरोध कांहींस बोचेल. तो बोचावा, हेंच उचित.

संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां ज्वारी-बाजरी शहरी ताटांत मानानें आली. धान्य तेंच होतें, पंगत बदलली. ज्या घरांत अन्नास पूर्णब्रह्म म्हणून नमस्कार होतो, तेथें हें पुस्तक अवश्य वाचलें जावें.