'झुलू' सिनेमातली बंदूक

१९६४ सालचा 'झुलू' पाहिला नसेल तर जरूर पाहा. मायकेल केनची ही पहिली मोठी भूमिका, आणि लढाईची दृश्यं आजही खिळवून ठेवतात. गोष्ट दक्षिण आफ्रिकेतल्या रोर्क्स ड्रिफ्ट ठाण्याची. २२ जानेवारी १८७९ रोजी तिथे दीडशेच्या आसपास ब्रिटिश सैनिकांनी तीन-चार हजार झुलू योद्ध्यांना रात्रभर थोपवून धरलं. सैनिकांच्या हातात होती मार्टिनी-हेन्री रायफल. माझं भांडण आहे ते बंदुकांवरूनच.

आधी धूर. माझा विषय ज्वलनाचं रसायनशास्त्र, त्यामुळे नजर तिथेच जाते. मार्टिनीच्या एका काडतुसात साधारण साडेपाच ग्रॅम काळी दारू असायची. ती जळली की निम्म्याहून जास्त वजनाचा वायू होतच नाही, पोटॅशियमचे क्षार घनरूपात उरतात. काही नळीत चिकटतात, बाकीचे पांढरा धूर होऊन डोळ्यांसमोर तरंगतात. शंभर जणांनी एकदा बार काढला म्हणजे अर्धा किलो दारू जळली! वारा पडलेला असेल तर चार-पाच बारांनंतर समोरचं काय दिसणार? शिवाय पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली ती काडतुसं तापलेल्या बंदुकीत अडकायची. सिनेमात मात्र हवा बऱ्यापैकी स्वच्छ, आणि शेवटी तर रांगा आलटून पालटून कवायतीसारखे बार काढतात.

हे एक वेळ सोडून देऊ, कॅमेऱ्यालाही दिसायला हवं ना. दुसरी गोष्ट जास्त खटकते. सिनेमातले झुलू डोंगरावरून मार्टिनीनेच गोळ्या झाडतात, त्याच दिवशी इसांडलवानाच्या लढाईत ब्रिटिशांकडून मिळवलेल्या. पण रोर्क्स ड्रिफ्टवर आलेल्या तुकड्या इसांडलवानाला राखीव होत्या, ती लूट दुसऱ्यांच्या हाती लागली होती. यांच्याकडे होत्या व्यापाऱ्यांनी खपवलेल्या, बहुतेक ठासणीच्या, जुन्या बंदुका. एवढ्याशा बदलाने सामना बरोबरीचा वाटायला लागतो.

बरोबरी होऊ न देणं हे साम्राज्याचं धोरण होतं, आणि ते समजायला आपल्याला आफ्रिकेत जायला नको. १८५७ नंतर हिंदी शिपायांना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनं हत्यार द्यायचा पायंडा पडला. जुलै १८८० मध्ये अफगाणिस्तानात मैवंदला ६६व्या ब्रिटिश पलटणीकडे मार्टिनी होत्या, त्याच लढाईतल्या मुंबई ग्रेनेडियर्सकडे जुन्या स्नायडर. सामान्य माणसाला तर तेही नाही. १८७८च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरलं, युरोपियनांना मात्र सूट! आपल्या पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके रामोशांना घेऊन बंडाला उभे राहिले ते याच कायद्याच्या राज्यात, फेब्रुवारी १८७९ मध्ये. रोर्क्स ड्रिफ्टला तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

सिनेमा शेवटी ११ व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्यांची नावं वाचून दाखवतो. ते शौर्य खोटं नाही, मी ते नाकारतही नाही. पण पुन्हा पाहाल तेव्हा डोंगरावरच्या माणसांच्या हातात दिग्दर्शकाने कोणती बंदूक दिली आहे, तिकडे जरा लक्ष द्या.