वर्ग घडतो तेव्हा बाहेर कोण राहतो?

(‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास’ या ग्रंथाचे एक दलित वाचन)

जात की वर्ग, हा वाद आपल्या चळवळीला नवा नाही. या वादात ‘कामगार वर्गाची एकजूट’ हे शब्द वारंवार कानी येतात. दलितांनी आपला प्रश्न वेगळा मांडला की ही एकजूट फुटते, असे आम्हांला सांगितले जाते. सांगणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते : कारखाना आला, मजुरी आली, त्याबरोबर वर्गही आपोआप तयार झाला, आणि आम्ही मागाहून येऊन तो मोडत आहोत. या गृहीताला धक्का देणारा एक मोठा ग्रंथ इंग्लंडच्या इतिहासावर आहे, आणि तो मार्क्सवादी परंपरेतल्याच माणसाने लिहिलेला आहे. ई. पी. थॉम्पसनचा ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास’ १९६३ साली प्रसिद्ध झाला. आपल्या महाविद्यालयांत त्याचे नाव घेतले जाते. ग्रंथ मात्र फारसा वाचला जात नाही. दलित वाचकाने तो का वाचावा आणि वाचताना कोठे अडून बसावे, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

थॉम्पसन (१९२४-१९९३) हा विद्यापीठाच्या मुख्य दालनात बसून लिहिणारा विद्वान नव्हता. लीड्स विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात तो नोकरीला होता आणि यॉर्कशायरच्या कामकरी वस्त्यांतून प्रौढांचे वर्ग घेत होता. १९५६ साली हंगेरीच्या प्रश्नावर तो कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडला. घरात पहिलीच पदवी घेऊन मी शिकवायला उभा राहिलो, आणि माझ्या वर्गातली बरीच मुलेही त्याच वाटेने आलेली आहेत. म्हणून या ग्रंथाचा सूर मला ओळखीचा वाटतो. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याच वारसांसमोर रोज उभे राहणाऱ्या शिक्षकाचा तो सूर आहे.

ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन सोपे आहे. वर्ग ही वस्तू नव्हे. यंत्राने तो जन्माला घातला नाही. माणसांनी अनुभव घेतले, त्यांचा अर्थ लावला, संघटना केल्या, मार खाल्ला आणि त्यातून आपण एक आहोत ही जाणीव घडवली. या घडण्याची हकीकत १७९२ पासून सुरू होते. टॉमस हार्डी हा चांभार लंडनच्या एका खाणावळीत आठनऊ जणांना जमवतो. आठवड्याला एक पेनी वर्गणी ठरते. आपल्यासारख्या कारागिरांना पार्लमेंटच्या सुधारणेवर बोलण्याचा अधिकार आहे काय, यावर ही माणसे ओळीने पाच रात्री चर्चा करतात! दोनच वर्षांनी त्याच हार्डीवर राजद्रोहाचा खटला भरला जातो, आणि ज्यूरी त्याला निर्दोष सोडते. पुढे १८११ पासून यंत्रे फोडणारे लडाइट येतात. १८१२ साली विणकामाची यंत्रे फोडणे हा फाशीचा गुन्हा ठरतो. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर मैदानावर मताचा हक्क मागायला सुमारे साठ हजार लोक जमतात. त्यांच्यावर घोडेस्वार घातले जातात. दहांहून अधिक माणसे मरतात, शेकडो जखमी होतात. १८३२ चा सुधारणा कायदा येतो तेव्हा मत मिळते मध्यम वर्गाला. ज्यांनी रक्त सांडले ते कामकरी दाराबाहेरच राहतात. येथे ग्रंथ थांबतो.

थॉम्पसनचे खरे मोठेपण साधनांच्या वापरात आहे. हेरांचे अहवाल, धमकीची पत्रे, गाणी, खटल्यांची कागदपत्रे, प्रार्थनामंदिरांतले तंटे, यांतून तो हरलेल्या माणसांचे म्हणणे ऐकतो. हातमागाच्या विणकरांवरचे त्याचे प्रकरण प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. प्रगतीच्या इतिहासात ज्यांना मागासलेले म्हणून झटकून टाकले होते, त्यांना तो विचार करणारी माणसे म्हणून उभे करतो. ज्यांच्या बापजाद्यांची नोंद इतिहासात फक्त वेठीच्या यादीत झाली, त्यांना या पद्धतीचे मोल सांगायला नको.

परंतु माझी अडचणही येथूनच सुरू होते. या विणकरांच्या हातातले सूत कोठून येत होते? कापूस आला तो मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेतून, आणि तो वेचला गुलामांनी. मजूर मुलांचे हाल थॉम्पसन पानोपानी सांगतो. त्या मुलांच्या हातातल्या कापसाचा मागचा प्रवास मात्र ग्रंथाच्या केंद्रात येत नाही. १८२० साली केटो स्ट्रीट कटात फाशी गेलेला विल्यम डेव्हिडसन हा जमैकात जन्मलेला काळा कारागीर ग्रंथात येऊन जातो, पण त्याच्यामागचे जमैका येत नाही. ग्रंथ संपतो त्याच्या पुढच्याच वर्षी, १८३३ साली, पार्लमेंटने गुलामी रद्द करण्याचा कायदा केला आणि दोन कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर केली. ती मिळाली मालकांना, गुलामांना नव्हे. त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड २०१५ साली झाली. इंग्रज कामगाराच्या वंशजांनीही कर भरून मालकांचे हे देणे फेडले आहे.

प्रस्तावनेत थॉम्पसन आशिया-आफ्रिकेची आठवण काढतो. इंग्लंडमध्ये हरलेल्या लढाया कदाचित तिकडे जिंकल्या जातील, अशी आशा तो व्यक्त करतो. बंगालमध्ये शिक्षकी केलेल्या मिशनऱ्याच्या या मुलाच्या सद्भावनेविषयी मला शंका नाही. पण आम्ही पुढल्या काळातले नव्हतो. यॉर्कशायरचा विणकर उद्ध्वस्त होत होता त्याच काळात लँकेशायरच्या कापडाने हिंदुस्थानातला विणकरही उद्ध्वस्त होत होता. दोघांची गोष्ट एकाच वेळची होती.

आता या ग्रंथाच्या प्रतिपादनाची कसोटी आपल्याकडे लावून पाहू. १८५४ नंतर मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या त्या लँकेशायरची यंत्रे आणून. यंत्रमागाच्या धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागे. त्याची झटपट रीत म्हणजे छिद्राला तोंड लावून श्वास ओढणे. लँकेशायरमध्ये याला धोट्याचे चुंबन म्हणत. तेथे माग चालवणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. तक्रार होती ती दातांची, तोंडात जाणाऱ्या कापसाच्या तंतूंची, आणि एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागून रोग पसरण्याची. असे धोटे बंद करण्याचे नियम ब्रिटनमध्ये १९५२ साली झाले. मुंबईत त्याच धोट्याचा प्रश्न विटाळाचा झाला. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्णाच्या तोंडाला लागू नये म्हणून साळखाते, म्हणजे विणाईचे जास्त मजुरीचे खाते, अस्पृश्यांना बंद राहिले. त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने रिंगखात्याचे काम आले.

यंत्र तेच आणि नफ्याचे गणितही तेच. मग वर्ग एकच का घडला नाही? थॉम्पसनचेच उत्तर येथे लागू पडते : यंत्र काहीच ठरवत नाही, माणसे ठरवतात. आणि माणसांनी येथे जात ठरवली. १९२८ चा गिरणीसंप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की सर्व खाती अस्पृश्यांना खुली करण्याची मागणी घाला, नाहीतर अस्पृश्य कामगारांना आम्ही संपापासून दूर ठेवू. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घातली. मालकांनी हा अन्याय आमचा नव्हे, असे म्हणून हात झटकले. एकजूट कोणी फोडली होती? मागणी करणाऱ्याने, की धोट्याला तोंड लावू न देणाऱ्याने? जातिव्यवस्था कामकऱ्यांनाच एकमेकांपासून तोडून खालीवर रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिले त्यामागे हा अनुभव होता. आणि ते वर्गाचे शत्रू नव्हते. संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. बरोबरीचे स्थान मिळाले तेव्हा एकजूट झाली.

म्हणून थॉम्पसन आम्हांला टाकून द्यायचा नाही. वर्ग घडवावा लागतो, हे त्याने सिद्ध केले. त्यापुढचा प्रश्न आम्ही विचारला पाहिजे : घडवताना कोणाला आत घेतले, कोणाला उंबऱ्यावर ठेवले? त्याच्या ग्रंथात स्त्रिया कमी आहेत, असा आक्षेप इंग्लंडमधल्या स्त्री-अभ्यासकांनीही घेतला आहे. तो आक्षेप आपल्यालाही लागतो. रिंगखात्यातल्या अस्पृश्य पुरुषाविषयी आपण निदान बोलतो. गिरणीत राबलेल्या दलित बाईविषयी किती लिहिले आहे?

विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच आहे. हेरांच्या अहवालांतून थॉम्पसनने इंग्रज कामगार शोधला. आपल्याजवळ ‘बहिष्कृत भारत’चे अंक आहेत, जलशांची गाणी आहेत, चाळीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी आहेत. अशा आठवणी सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. वही घेऊन त्यांच्याकडे जा. त्या साहित्यातून जो इतिहास लिहिला जाईल, त्यात साळखात्याच्या बंद दाराला पहिले प्रकरण द्यावे लागेल.