बाजारातील मांस आणि न विचारलेले प्रश्न

मांसाहार नीतीला धरून असू शकतो काय, हा प्रश्न आपल्या पाळकांना व धर्मशिक्षकांना आज दोन्हीकडून विचारला जातो. शाकाहारी शेजारी तो आरोप म्हणून विचारतो. मंडळीतील सुशिक्षित तरुण तो शंका म्हणून विचारतो. बुऱ्हाणपुरासारख्या ठिकाणी तो विशेष टोचतो. तापीकाठच्या या शहरात मराठी, निमाडी, उर्दू व गुजराती बोलणारी घरे शेजारी-शेजारी आहेत. कोणाला मांसाचा वास सोसत नाही, तर कोणाचा चरितार्थच खाटकाच्या दुकानावर चालतो. आणि भोवतालच्या सातपुड्यात कोरकू, भिल्ल व बारेला कुटुंबांच्या अंगणातील चार कोंबड्या ही अडीअडचणीची शिल्लक असते. या प्रश्नाला अलीकडे एक तयार उत्तर मिळू लागले आहे. प्राणी मायेने वाढवला, मोकळा फिरू दिला आणि कमीत कमी वेदना देऊन मारला, तर त्याचे मांस खाण्यात दोष नाही, असे हे उत्तर. ‘नैतिक मांसाहार’ या नावाने ते पुढे येते. त्याची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम शास्त्राकडे वळू. सृष्टीच्या आरंभी मनुष्याला व पशूंना वनस्पतीच अन्न म्हणून नेमून दिल्या आहेत (उत्पत्ती १:२९-३०). मांसाची परवानगी जलप्रलयानंतर येते, आणि तीही रक्त वर्ज्य करून, म्हणजे जीव हा देवाचा आहे हे मान्य करवून (९:३-४). नियमशास्त्र मळणीच्या बैलाला मुसके बांधू देत नाही (अनुवाद २५:४), आणि नीतिसूत्रकार जनावराच्या जिवाची काळजी हे नीतिमानाचे लक्षण मानतो (१२:१०). उलटपक्षी पेत्राचा दृष्टांत आहे (प्रे. कृत्ये १०), आणि पौलाने करिंथकरांना दिलेली मोकळीक आहे. करिंथच्या बाजारात विकले जाणारे मांस पुष्कळदा मंदिरातील बळीचे असे, विकत घेताना त्याची चौकशी करीत बसू नये, असे पौल सांगतो (१ करिंथ. १०:२५).

या एका वचनाच्या आधारे ताटातील मांसाविषयीची सारीच चौकशी अनाठायी ठरवली जाते. हा अर्थ टिकणारा नाही. पौलाने तेथे मिटवलेला प्रश्न मूर्तीच्या सामर्थ्याचा आहे. जनावराचे हाल झाले काय, मजुराची मजुरी बुडाली काय, हे प्रश्न त्या ठिकाणी उपस्थितच झालेले नाहीत. शिवाय तीनच वचनांनंतर, कोणी ते मांस बळीचे आहे असे सांगितले, तर सांगणाऱ्याकरिता ते खाऊ नये, असे पौल म्हणतो (१०:२८). म्हणजे कळल्यानंतर खाणाऱ्याची जबाबदारी बदलते. खाण्याची मोकळीक मिळाली आहे. न पाहण्याची मिळालेली नाही.

आता आपल्या बाजाराकडे पाहू. करिंथचा खाटीक मांस विकत होता. आजचा उद्योग मांसाबरोबर मतही पुरवतो. आपल्याकडे हे काम अंडी-उद्योगाने मोठ्या कौशल्याने केले. वेंकटेश्वरा हॅचरीजचे संस्थापक डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. व्यापाऱ्यांनी पाडलेल्या भावात ज्यांचा खर्चही निघत नव्हता, अशा उत्पादकांनी एकत्र येऊन आपल्या मालाचा भाव आपण सांगावा, ही तिची प्रेरणा होती, आणि तीत गैर काही नव्हते. परंतु भाव सांगणारी समिती पुढे आहारशास्त्रही सांगू लागली. रविवार असो की सोमवार, रोज अंडे खावे, ही तिची हिंदी घोषणा मुलांच्या तोंडी बसली. फलन न झालेले अंडे शाकाहारीच होय, असाही प्रचार झाला. अंडे पौष्टिक आहे, हे निर्विवाद. पण ते रोज खावे असे सांगणारा आणि ते विकणारा एकच आहे, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहिले नाही.

त्या घोषणेत कोंबडी मात्र कोठेच नाही. पिंजऱ्यातील एका कोंबडीच्या वाट्याला येणारी जागा टंकलेखनाच्या एका कागदाहून कमी असते. अंड्यांच्या जातीची नर पिल्ले निरुपयोगी म्हणून उबवणी केंद्रातच मारली जातात. हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. भारतीय विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपल्या २६९व्या अहवालात या स्थितीचा विचार करून नियम सुचवले. युरोपीय संघात असे साधे पिंजरे २०१२ पासून बंद झाले. आपल्याकडे ते सर्रास चालू आहेत.

उद्योगाचे वजन कोठवर पोहोचते, हे २०२१ साली सोयाबीनच्या शेतकऱ्याने पाहिले. सोयापेंड हे कोंबडीच्या खाद्यातील मुख्य प्रथिन. त्या वर्षी सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला, तेव्हा कुक्कुटपालकांच्या संघटनांनी आयातीची मागणी लावून धरली. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकीय परिवर्तन केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणण्यास परवानगी दिली. नवे पीक बाजारात येईतो भाव बराच खाली आला होता. नव्या पिकाचाही त्यात भाग होता, हे नाकारण्याचे कारण नाही; तथापि ज्याची संघटना बलवान त्याचे गाऱ्हाणे आधी ऐकले गेले, हे मध्य प्रदेश व महाराष्ट्रातील सोयाबीन पिकवणाराला सांगावे लागत नाही.

मग ‘नैतिक’ मांस हा यावर उपाय आहे काय? जनावर कसे जगले, हे तो विचार निदान विचारतो. एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण त्याचे उत्तर बहुधा वेष्टनावरील एका शिक्क्यात संपते. याच प्रदेशातील कडकनाथाचे उदाहरण पाहावे. झाबुआच्या भिल्ल अंगणात मोकळी वाढणारी, देवीला बळी म्हणून दिली जाणारी ही काळी कोंबडी. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. दंतेवाड्यानेही तिच्यावर हक्क सांगितला होता. मानांकनाने पाळणाऱ्यांना चार पैसे अधिक मिळत असतील तर आनंदच आहे. परंतु असे मांस साध्या ब्रॉयलरच्या कितीतरी पट महाग विकते. ज्याला ते परवडते त्याची सदसद्विवेकबुद्धी निश्चिंत होते. ज्याला परवडत नाही तो पिंजऱ्यातील मांस खाऊन दोषी ठरतो. पैशाने विकत घेता येणारी निर्दोषता ही सुवार्तेची निर्दोषता नव्हे.

येथे दुसऱ्या बाजूचाही दोष सांगितला पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) मध्य प्रदेशातील पाच वर्षांखालील ३३ टक्के बालकांचे वजन वयाच्या मानाने कमी होते. आदिवासी भागांतील अंगणवाड्यांत अंडी देण्याचा प्रस्ताव २०१५ मध्ये राज्य सरकारने नाकारला. २०२० मध्ये पुन्हा अंड्याऐवजी दूध देण्याचे ठरले. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय आहारात आठवड्यातून एक अंडे आले, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला. नाकारणाऱ्यांनी नीतीचेच नाव घेतले. पण आपल्या भावाला अडखळण होत असेल तर कधीच मांस खाणार नाही, असे म्हणणारा पौल (१ करिंथ. ८:१३) मांस स्वतःच्या ताटातून काढतो. दुसऱ्याच्या लेकराच्या ताटातून काढलेले अंडे हा त्याग नव्हे. त्या लेकराला अंडे मिळावे म्हणून आपण बोलावे. मात्र ते बोलताना विक्रेत्याची घोषणा आपल्या मुखी नसावी, आणि ते अंडे घालणाऱ्या कोंबडीचा विसरही पडू नये.

आपल्या सेवेच्या दृष्टीने यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, करिंथकरांचे ते वचन शिकवताना त्याची मर्यादाही शिकवावी. दुसरी, नाताळच्या वा लग्नाच्या जेवणावळीसाठी मंडळी कोंबड्या घेते, तेव्हा त्या कोठून आल्या व पाळणाराला काय मिळाले, एवढे तरी पंचांनी विचारावे. जवळच्या पाड्यावरील कुटुंबाकडून थोड्या घेऊन पंगत साधी ठेवता येते. तिसरी, शाकाहारी शेजारी पाहुणा असेल त्या दिवशी ताट त्याच्या सोयीचे असावे. आपले स्वातंत्र्य सिद्ध करण्याची ती जागा नव्हे. मांस खावे की न खावे, याचा निर्णय प्रत्येकाने देवासमोर करावा (रोम. १४). मात्र तो निर्णय करणाऱ्याला जे ठाऊक असणे अवश्य आहे, ते त्याच्यापुढे ठेवणे हे पाळकाचे काम आहे, आणि ते विक्रेत्यावर सोपवता येणार नाही.